बाटलीतल्या केळीला माती मानवते कशी

मुक्ताईनगर, रावेर, यावल या तालुक्यांतली केळीची बरीचशी रोपे आता मातीत जन्मलेली नसतात. पूर्वी जुन्या बागेतले कंद काढून लागवड होई. बसराई, श्रीमंती या जाती अशाच पसरल्या. 1990च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ‘ग्रँड नैन’ची उतिसंवर्धित रोपे आणली आणि शेतकऱ्याच्या तोंडी ‘टिश्यू’ हा शब्द रुळला.

हे रोप प्रयोगशाळेतल्या बाटलीत आगाराच्या जेलीवर वाढते. जेलीत नत्र, पालाश, कॅल्शियम, लोह अशी क्षारद्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूच्या उतींसाठी बसवलेल्या कृतीवर आधारलेले असते. शिवाय लिटरला साधारण 30 ग्रॅम साखर घालतात. पाण्यावरच्या शेतीत, म्हणजे हायड्रोपोनिक्समध्येही क्षार आयते मिळतात. पण तिथे साखर नसते, अन्न पानालाच करावे लागते. बाटलीतल्या रोपाला तेही कष्ट नाहीत, म्हणून माती गाठणे त्याला अधिक जड जाते.

आतली हवा दमट असल्याने पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. जेलीत फुटलेल्या मुळांवर केसमुळे नीट येत नाहीत. असे रोप खानदेशच्या उन्हात थेट लावले, तर दुपारपर्यंत मान टाकील. बाटलीतली मुळे फार तर तात्पुरता आधार देतात. नव्या माध्यमात नवी मुळे फुटली, तरच रोप जगते. रोप कणखर करण्याचा, म्हणजे हार्डनिंगचा, सगळा खटाटोप त्यासाठी असतो.

पहिल्या टप्प्यात मुळांना चिकटलेली जेली पाण्याने अलगद धुतात. साखरेचा अंश राहिला, तर बुरशी धरते. मग रोपे कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये, प्लॅस्टिकच्या बोगद्याखाली चार ते सहा आठवडे राहतात. तिथला ओलावा रोज थोडाथोडा कमी करतात. बाटलीतली पाने पिवळी पडतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, नवे पान कसे येते ते पाहावे. दुसऱ्या टप्प्यात रोपे माती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत, शेडनेटखाली साधारण दीड-दोन महिने वाढतात. फुटाएवढी उंची आणि पाच-सहा पाने झाली की ती शेतात जातात.

मृगबागेची लागवड जून-जुलैत होते, कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास. तापी-पूर्णेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. ठिबक गरजेपेक्षा जास्त चालले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. दीड-दोन महिन्यांत वाढवलेली केसमुळे तेवढ्यात तुटतात. वाऱ्याला आडोसा म्हणून बांधावर शेवरी लावण्याची इथली रीत कोवळ्या रोपांनाही उपयोगी पडते. काकडीवर्गीय पिके मात्र जवळ नकोत. त्यांच्यावरचा मावा कुकुंबर मोझॅक विषाणू आणतो, आणि टिश्यूच्या कोवळ्या रोपाला तो लवकर गाठतो.

उलटा प्रवास, म्हणजे कुंडीतले रोप पाण्यावर नेणे, हौशी बागायतदार करतात. मुळांवरची माती पूर्ण धुवावी लागते, नाहीतर ती कुजून पाणी बिघडवते. द्रावण सुरुवातीला निम्म्या ताकदीचे, सामू 5.5 ते 6.5, आणि पाण्यात हवा खेळती हवी. तरीही जुनी मुळे बऱ्याचदा झडतात. पुदिना, तुळस यांच्या फांद्या पाण्यात ठेवून मुळे फोडणे त्यापेक्षा सोपे.

केळीची रोपे घेताना उंचीवर भुलू नये. एक पिशवी उघडून पाहावी: मातीच्या गोळ्यात पांढरी, ताजी मुळे सर्वदूर दिसली, तरच बाकीच्या पिशव्या गाडीत चढवाव्यात.