घडीच्या लॅपटॉपची परीक्षा

मुलांनो, परीक्षा नेहमी तुमचीच होते. आज लॅपटॉपची घेऊ या! पडदा पूर्ण मागे वळवला की पाटीसारखा धरता येणारा लॅपटॉप तुम्ही पाहिला असेल. लेनोवोचा असा 'योगा' २०१२ साली बाजारात आला, मागून २०१४ मध्ये एचपीचा 'एक्स३६०' आला.

आपल्या शेवगावात कापसाच्या पैशांतून अशी वस्तू घ्यायची, तर ती चार-पाच वर्षं टिकायला नको का? म्हणून आधी बिजागरी बघा. पडदा हळूच पूर्ण फिरवा. करकरला, किंवा बोट लावताच डुलू लागला, तर सरळ नको म्हणा.

मग बालभारतीचं पुस्तक त्यावर उघडा. पुस्तकाचं पान उभं आणि पडदा आडवा! घडी करून उभा धरला की अख्खं पान दिसतं. फार छान सोय आहे ही. पण १४ इंची, दीड किलोची ही पाटी दहा मिनिटं हातात धरून दाखवा बरं! शेवटी मांडीवरच येते.

बॅटरीचे 'वॉट-तास' विचारा. बॅटरी ४५ वॉट-तासांची आणि लॅपटॉप ९ वॉट खाणारा, तर वीज गेल्यावर किती तास चालेल? करा भागाकार!

पेन सोबत मिळतं की वेगळं घ्यावं लागतं, हेही पालकांनी विचारावं. आकृत्या काढायच्या, गणितं पडद्यावर हातानं सोडवायची, तरच वळणाऱ्या पडद्याचे जादा पैसे वसूल होतात. नुसते निबंध टाइप करायचे असतील, तर त्याच पैशांत जास्त मेमरीचा साधा लॅपटॉप घ्या.