कल्ल्याच्या आत वाचलेली नदी

लहरीपुरा दरवाजाजवळच्या सूरसागर तलावात मेलेले मासे तरंगले की बडोद्यात त्याची बातमी होते. जिवंत माशाच्या अंगावर आणि पोटात काय बिऱ्हाड करून आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. पावागडाच्या डोंगरातून येऊन, शहराचं सांडपाणी घेत ढाढर नदीकडे जाणाऱ्या विश्वामित्रीची प्रकृती कळायला हीच चौकशी अधिक उपयोगी पडेल. ज्या नदीतल्या माशांत नाना तऱ्हेचे परजीवी सापडतात, ती नदी बहुधा धडधाकट असते; माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटं वाटणार.

काम दिसायला किरकोळ, पण चिकाटीचं. मासा ताजा हवा, कारण तो मेला की अंगावरचे पाहुणे लवकर गळून पडतात. आधी भिंगाखाली खवले आणि पर तपासायचे. माशाची ऊ, म्हणजे अर्ग्युलस, चपटी आणि जवळजवळ पारदर्शक असते; ती सरकली तरच नजरेत भरते. मग कल्ल्याचं झाकण कापून आतल्या कमानी एकेक सुट्या करायच्या, बशीतल्या सौम्य मिठाच्या पाण्यात ठेवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल तंतू विंचरत जायचं. तिथे डॅक्टिलोगायरस हा बारीक कृमी मागच्या टोकाच्या आकड्यांनी रुतून बसलेला सापडतो. तो निवडक असतो: बहुतेक जाती एकाच जातीच्या किंवा तिच्या सख्ख्या नात्यातल्या माशावरच जगतात. शेवटी पोट उघडायचं. मरळीच्या आतड्यात पट्टकृमी आणि काटेरी सोंडेचे कृमी मिळतात, तर शिवड्याच्या वाताशयात आयसोपॅरॉर्किस हा नखाएवढा किंवा त्याहून मोठा, रक्त पिऊन काळपट झालेला चपटा कृमी. मराठवाड्यात या कामाची जुनी परंपरा आहे. सर्कमऑन्कोबोथ्रियम ही पट्टकृमींची प्रजाती तिथल्याच जी. बी. शिंदे यांनी 1968 मध्ये मांडली. भारतात पुढे नव्या जातींना नावं देण्याचा उत्साह जरा जास्तच झाला. मांगूरमधल्या पट्टकृमींच्या डझनावारी नावांपैकी फेरतपासणीत मोजकीच टिकली. नावांइतकं लक्ष मोजदादीकडे गेलं असतं, तर आज नद्यांचा ताळेबंद मांडायला काही हाताशी असतं.

मोजदाद महत्त्वाची, कारण यातल्या अनेकांना एक यजमान पुरत नाही. एखाद्या चपट्या कृमीचं पिल्लू आधी गोगलगाईत वाढतं, मग पाण्यात उतरून माशाच्या मांसात गाठ करून बसतं आणि बगळ्याने किंवा पाणकावळ्याने तो मासा गिळला तरच वयात येतं. चपट्या कृमींचं एक कुळ तर मगरीच्या आतड्यात वयात येतं. शहराच्या मधोमध शेकडो मगरी बाळगणाऱ्या विश्वामित्रीत ही वाट शोधून पाहण्यासारखी आहे. माशात अशी गाठ दिसली की त्या पाण्यात गोगलगाय, मासा आणि शिकारी हे तिघेही अलीकडे नांदत होते, याचा पुरावा मिळतो. पाण्याच्या बाटलीतला नमुना फक्त त्या दिवसापुरतं बोलतो. शिवाय परजीवी या साखळीचे नुसते साक्षीदार नसतात. जपानमधल्या एका डोंगरी ओढ्यात केसकृमींनी पछाडलेले नाकतोड्यांच्या जातीचे कीटक पाण्यात उड्या घेतात, आणि तिथल्या माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेतला सुमारे 60 टक्के वाटा त्यांच्यातून येतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

यावर मत्स्यशेती करणारा रागावेल, आणि त्याचा राग खोटा नाही. उवा पडलेल्या तळ्यातले रोहू-कटला खंगतात, नांगरकृमीने जखमा झालेला मासा बाजारात कोणी घेत नाही. पण ही सगळी मंडळी माशावरून थेट माशावर जाणारी आहेत. दाटीवाटीत, बंद पाण्यात ती फोफावतात. सांडपाण्याने जिवाणू वाढले की त्यांच्यावर जगणारे ट्रायकोडिनासारखे एकपेशीय जीवही कल्ल्यांवर गर्दी करतात, आणि त्याच वेळी गोगलगाय व पक्षी लागणारे कृमी मागे हटतात. म्हणून परजीवींची नुसती एकूण संख्या सांगून काही साधत नाही. कोण वाढले आणि कोण गेले ते पाहावं लागतं. परदेशी माशांबरोबर आलेले परजीवीही वेगळे धरावे लागतात. गवत्या माशाबरोबर पूर्व आशियातून जगभर पसरलेला पट्टकृमी सापडला, तर तो नदीच्या आरोग्याचा दाखला नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: मोठा मासा जास्त वर्षं खातो, त्यामुळे त्याच्यात कृमीही जास्त साठतात, ऋतू बदलला की संख्याही बदलते. हे खरंच आहे, आणि म्हणून चार-दोन मासे फाडून काढलेला निष्कर्ष फेकून द्यावा. शहराच्या वर आणि शहराच्या खाली, एकाच जातीचे, सारख्या लांबीचे मासे, एकाच ऋतूत आणि पुरेशा संख्येने तपासले तरच तुलना उभी राहते. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. कात्री, बशी, साधा सूक्ष्मदर्शक आणि वर्षानुवर्षं न कंटाळता त्याच वहीत नोंद करणारा माणूस लागतो, आणि यातलं शेवटचंच मिळत नाही.