हसणं दोन्ही बाजूंचं : अरब आणि अमेरिकन समाजांमधला विनोद



आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल, पण त्याची सुरुवात एका गंभीर भाषणापासून करावी लागते. २९ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी काँग्रेसपुढे बोलताना इराण, इराक आणि उत्तर कोरिया यांना ‘ॲक्सिस ऑफ ईव्हिल’ म्हटलं, म्हणजे दुष्टांची आघाडी. काही वर्षांनी अमेरिकेतल्या चार विनोदवीरांनी हेच नाव उचललं आणि ‘ॲक्सिस ऑफ ईव्हिल कॉमेडी टूर’ काढली. अहमद अहमद मूळचा इजिप्तचा. एरन केडर आणि डीन ओबेदल्लाह या दोघांचे वडील पॅलेस्टिनी. आणि माझ जोब्रानी? तो तर अरबही नाही, इराणी आहे. पण ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत हा फरक विचारतो कोण! संशय सगळ्यांवर सारखाच होता. शिवी म्हणून आलेलं नाव त्यांनी पाटी म्हणून दारावर लावलं.

आता प्रश्न असा, की विनोदाने दोन समाज जवळ येतात म्हणजे नेमकं काय होतं? ‘हसण्याला भाषा नसते’ असं आपण सहज म्हणून जातो. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. विनोदाला भाषा असते, गाव असतं आणि मुख्य म्हणजे दिशा असते. कोण कोणाला हसतंय, हे आधी बघावं लागतं.

अमेरिकेत ही दिशा बराच काळ एकच होती. जॅक शाहीन या अभ्यासकाने हॉलीवूडचे नऊशेहून जास्त चित्रपट तपासले आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यात दिसणारा अरब बहुतेक वेळा ठरलेला असतो : पैशात लोळणारा शेख, वाळवंटातला लुटारू, नाहीतर बॉम्ब घेतलेला माणूस. म्हणजे अरब हा हसण्याचा किंवा भिण्याचा विषय. हसवणारा माणूस म्हणून तो क्वचितच यायचा.

खरं तर अरब समाजाला विनोदाचं वावडं कधीच नव्हतं. अरबीत विनोदी, गोड स्वभावाच्या माणसाला ‘हलक्या रक्ताचा’ म्हणतात आणि कंटाळवाण्याला ‘जड रक्ताचा’. त्यांच्या लोककथांतला जुहा, इजिप्तमध्ये ज्याला गोहा म्हणतात, तो तर आपल्याही ओळखीचा आहे. आपण मराठीत ज्या मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी वाचल्या, त्यातल्या कितीतरी अरब जगात जुहाच्या नावावर सांगतात. बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्टसुद्धा! हा जुहा वेडगळ दिसतो, पण फजिती शेवटी शहाण्यांचीच होते. दुबळ्या माणसाने मोठ्यांना चार गोष्टी सुनावण्याची ती जुनी युक्ती आहे.

डॅनी थॉमस हा लेबनानी वंशाचा विनोदी नट १९५० च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर घराघरांत पोचला होता. जन्मनाव बाजूला ठेवून त्याने अमेरिकन वाटेल असं नाव घेतलं. त्याच्या मालिकेत एक मोठ्या आवाजाचे लेबनानी काका होते, आणि लोकांना ते आपलेच वाटायचे. २००१ नंतरच्या पिढीने मात्र नाव बदललं नाही, उलट नावावरूनच सुरुवात केली. अहमद अहमदचं नाव एका वॉन्टेड माणसाच्या नावाशी जुळायचं. विमानतळावर त्याला अडवलं जायचं. तो अपमान त्याने रंगमंचावर आणला.

इथे विनोद काम कसा करतो ते पाहू. विनोदवीर आधी स्वतःला हसतो. मग आपल्या आईला, काकाला, लग्नातल्या गोंधळाला. प्रेक्षक सैल होतो, कारण हे त्याच्याही घरात चालतं. आणि मग गोष्ट विमानतळावर येते. तोवर प्रेक्षक त्या माणसाच्या बाजूला, रांगेत उभा राहिलेला असतो. काल ज्याच्याकडे तो संशयाने बघत होता, त्याच्याच डोळ्यांनी तो आता तपासनिसाकडे बघतो. तीस सेकंदांसाठी का होईना, जागा बदलते. व्याख्यान देऊन हे साधत नाही, हे आम्ही व्याख्यान देता देताच कबूल करतो!

डीन ओबेदल्लाह आणि मेसून झायेद यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अरब-अमेरिकन विनोद महोत्सव सुरू केला. मेसून पॅलेस्टिनी वंशाची आहे आणि तिला सेरेब्रल पाल्सी आहे. आपली कीव करायची की आपल्याला भ्यायचं, हे प्रेक्षकाने ठरवण्याआधीच ती त्याला हसवते.

उलट दिशेचा प्रवासही झाला. २००७ मध्ये ही टूर अरब देशांत गेली. तिथे पाश्चात्त्य पद्धतीचा स्टँड-अप नवा होता, पण व्हिसाची रांग कोणालाच नवी नव्हती. धर्म, राज्यकर्ते आणि लैंगिक विषय यांच्याबाबत मात्र तिथे फार जपून बोलावं लागतं.

ही मर्यादा किती कडक असते, ते बासेम युसुफच्या बाबतीत दिसलं. हा कैरोचा हृदयशल्यविशारद. २०११ च्या उठावानंतर त्याने जॉन स्ट्युअर्टच्या अमेरिकन कार्यक्रमाच्या धर्तीवर राजकीय विनोद सुरू केला आणि तो अफाट लोकप्रिय झाला. २०१३ मध्ये त्याच्यावर अध्यक्षांच्या आणि धर्माच्या अपमानाचे आरोप झाले, चौकशी झाली. त्याच वर्षी स्ट्युअर्ट स्वतः कैरोला जाऊन त्याच्या कार्यक्रमात बसला. तरीही २०१४ मध्ये, सत्ता बदलल्यानंतर, कार्यक्रम बंद पडला आणि युसुफ अमेरिकेत गेला. अमेरिकन नमुना इजिप्तमध्ये रुजला होता, लोकांना तो हवाही होता. सत्तेला मात्र तो पेलला नाही.

आणि अलीकडचं उदाहरण म्हणजे मो आमेर. पॅलेस्टिनी कुटुंबातला, कुवेतमध्ये जन्मलेला. आखाती युद्धामुळे लहानपणी अमेरिकेत ह्यूस्टनला आला आणि नागरिकत्वासाठी त्याला सुमारे वीस वर्षं थांबावं लागलं. २०२२ च्या ‘मो’ या मालिकेचा नायक असाच आश्रयाच्या निकालाची वाट बघतो, इंग्रजी, अरबी आणि स्पॅनिश बोलतो, आणि दुकानात चॉकलेट घातलेलं हम्मस दिसलं की त्याचं डोकं फिरतं. त्यावर हसणाऱ्या अमेरिकन माणसाला पॅलेस्टाईनचा इतिहास कदाचित ठाऊक नसेल. पण घराचा पत्ता नसलेल्या माणसाला घरच्या चवीबद्दल एवढं का वाटतं, हे त्याला कळतं.

विनोदाने युद्ध थांबत नाही, व्हिसाचा कायदाही बदलत नाही. उलट चुकीच्या दिशेचा विनोद जुनी जखम उघडी करतो. म्हणून एखादा विनोद दोन समाजांना जोडतो की तोडतो हे ओळखायला आम्ही तीन प्रश्न सुचवू. सांगणारा स्वतःलाही हसतो का? ज्याच्यावर विनोद आहे, तो समोर बसून हसू शकेल का? आणि त्याला उलट विनोद करायची मुभा आहे का? यातला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. दोन्ही बाजूंना तो लागू होतो, आणि दोन्ही बाजूंचं उत्तर अजून अर्धवटच आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.