मंगळावरच्या संसाराची तालीम

मैत्रिणींनो, मंगळ म्हटला की आपल्याला आधी आठवते ती पत्रिका! पण आज सांगणार आहे ते आकाशातल्या खऱ्याखुऱ्या मंगळाविषयी. आणि गंमत अशी की, माहीमच्या दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार केलेल्या बाईला ही गोष्ट शास्त्रज्ञांच्याही आधी कळेल, बरं का!

मंगळावर माणूस अजून गेलेला नाही. जायचं तर आधी तालीम हवी. म्हणून पृथ्वीवरच एखादी उजाड जागा शोधतात, तिथे बंद घर उभारतात आणि माणसं राहायला पाठवतात. हवाई बेटावरच्या माउना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर असं एक घुमटासारखं घर होतं. २०१३ साली सहा जण तिथे चार महिने राहिले. कशाच्या अभ्यासासाठी, ठाऊक आहे? स्वयंपाकाच्या! तयार डबाबंद जेवण बरं, की साठवणीच्या जिनसांतून स्वतः रांधलेलं? कारण रोज तेच ते खाऊन माणसाचं जेवणावरचं मन उडतं. हे आपल्याला कुणी सांगायला हवं का? आठवडाभर दुधी करून पाहा!

पुढे ऑगस्ट २०१५ पासून सहा जणांनी तिथेच अख्खं वर्ष काढलं. पाणी मोजून, खोल्या चिमुकल्या, रोज तीच सहा तोंडं. बाहेर पडायचं ते अंतराळवीराचा पोशाख चढवूनच. जाड हातमोज्यांनी दगड उचलायचे, निरखायचे, नोंदी करायच्या. बाहेरच्या जगाला पाठवलेला निरोप मुद्दाम वीस मिनिटं उशिरा पोचायचा, उत्तरालाही तेवढाच वेळ. म्हणजे ‘डाळ करपली, काय करू?’ असं विचारलं, तर सल्ला मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेलेली! इथे तपासायचं होतं ते हेच, की इतक्या कोंडीत माणसं एकमेकांना धरून राहतात का.

अमेरिकेत ह्यूस्टनला नासाने १७०० चौरस फुटांचं असंच घर केलं. जून २०२३ ते जुलै २०२४, असे ३७८ दिवस चौघं त्यात राहिले. त्यांची प्रमुख होती एक बाई, केली हॅस्टन.

आपणही मागे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने लेहला अशी पहिली मोहीम काढली. तिच्यात आपल्या पवईच्या आयआयटीचाही हात होता. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखमधल्याच त्सो कार इथे दोघांनी दहा दिवस काढले. थंडी, कोरडेपणा, विरळ हवा. मंगळाची थोडीफार कल्पना यावी अशीच ती जागा.

आणि दगड पाहायचे तर महाराष्ट्रातच पाहा. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराचा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर अशाच फत्तरात उल्का आदळून झालं, हे १९७३ साली शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडलं. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर पाहायला मंगळाचे अभ्यासक मुद्दाम येतात. तुमचा काळा पाटा-वरवंटाही बहुधा याच जातीच्या दगडाचा!

हे सगळं सांगायचं कारण एकच. पाणी पुरवणं, जिन्नस महिनाभर ताणणं, रुसलेल्याला जेवायला बसवणं, याला आपल्याकडे ‘घरातलं काय ते काम’ म्हणतात. त्याच गोष्टींसाठी तिकडे वर्षवर्ष प्रयोग चालतात. तेव्हा स्वतःच्या कामाला स्वतः तरी कमी लेखू नका.

आणि उद्या तुमची लेक म्हणाली, ‘आई, मला भूशास्त्र घ्यायचंय, डोंगरात अभ्यासाला जायचंय,’ तर ‘मुलीच्या जातीला हे दगडधोंडे कशाला?’ असं पटकन तोंडून जाऊ देऊ नका. सुट्टीत एकदा तिला लोणारला घेऊन जा. विवराच्या काठावर उभी राहून ती काय काय विचारते, ते ऐका. मग ठरवा.