बॉस, जरा बोलायचं होतं...

पगार येतोय, ईएमआय जातोय, झोप मात्र उडालीय! गोळीच्या आधी कुणाशी तरी नीट बोलायचं असेल, तर पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात जायचं कुठे?

चाकणच्या तळेगाव चौकात तासभर अडकलं की चिडचिड होतेच, त्याचं फार मनावर घेऊ नका. पण घरी पोचल्यावरही छातीत धडधड, गुरुवारची सुट्टी असून अंथरुणातून उठवत नाही, आवडती मॅचही बघवत नाही आणि हे सगळं दोन आठवडे सरले तरी चालूच... मग ते नुसतं 'टेन्शन' नसेल. डिप्रेशन किंवा अँग्झायटी असू शकेल. त्यात दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाइट अशी फिरती शिफ्ट म्हणजे झोपेचं वाटोळंच. भोसरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराने बोलायचं तरी कुणाशी? हा फर्स्टला, रूममेट नाइटला!

पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटल आहे. तिथे मानसोपचार विभागही आहे. पण सरकारी ओपीडीचं गणित कुठेही गेलात तरी सारखंच. रांग लांब, डॉक्टर मोजके. एका पेशंटला पाऊण तास देणार कोण? मग हातात पडते ती औषधाची चिठ्ठी. गोळी वाईट नाही हं, काहींना ती लागतेच. पण बोलायचं राहून जातं. खासगी समुपदेशक गाठावा, तर दर आठवड्याचं सेशन ट्रेनी ऑपरेटरला सोडाच, हिंजवडीतल्या आयटीवाल्यालाही जड. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

गोव्याचा फंडा

तज्ज्ञच नाहीत, तर थेरपी देणार कोण? याचं भन्नाट उत्तर शेजारच्या गोव्यात सापडलं. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या स्थानिक माणसांना ट्रेनिंग दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ सेशन्स, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाचं. उपदेशाचे डोस नाहीत. मन रमेल अशा, सुटून गेलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करायच्या, अडचणी एकेक करून सोडवायच्या. २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निकाल असा : तीन महिन्यांनी नैराश्यातून सावरलेले ६४ टक्के. हे सेशन्स न मिळालेल्यांत ३९ टक्के. इंग्लंडमध्ये तर २००८पासून बोलण्याची थेरपी सरकारी खर्चाने मिळते. डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही, स्वतःच नाव नोंदवायचं. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा भोसरीच्या एखाद्या दवाखान्यात असा प्रशिक्षित माणूस संध्याकाळी, शिफ्ट सुटायच्या वेळेला बसायला काय हरकत आहे? पालिकेला परवडणार नाही इतकं हे महाग नाही, असं आम्हाला तरी वाटतं.

तोवर काय?

१४४१६. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. 'टेलि मानस' ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. नाइट शिफ्टच्या टी-ब्रेकमध्येसुद्धा लावता येते! जीव नकोसा वाटत असेल, तर ब्रेकचीही वाट बघू नका. लगेच लावा आणि जवळच्या कुणाला तरी सोबत बसवून घ्या.

एचआरचे जुने मेलही जरा चाळा. बऱ्याच मोठ्या कंपन्या मोफत समुपदेशनाचा नंबर देतात आणि तो तसाच पडून असतो. 'बॉसला कळलं तर?' ही भीती खरी आहे. म्हणून गुप्ततेचे नियम आधीच विचारून घ्या. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क दिलाय, गुप्ततेचाही. मेडिक्लेमलाही मानसिक आजारांना इतर आजारांसारखंच धरणं भाग आहे. गोची एवढीच, की बऱ्याच पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि समुपदेशनासाठी कुणी अ‍ॅडमिट होत नाही!

आणि हो, गुरुवारच्या सुट्टीत वायसीएम गाठणार असाल, तर मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून मगच निघा.