नान्नज ते लोंगेवाला

सोलापूर ते जैसलमेर हा रस्त्याचा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरचा आहे. त्याच्या एका टोकाला नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे आणि दुसऱ्या टोकाला थर वाळवंटातले डेझर्ट नॅशनल पार्क. त्याच वाळवंटात हिवाळ्यात जैसलमेर ते लोंगेवाला अशी लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत भरते. शर्यतीच्या निमित्ताने निघावे आणि वाटेतली अभयारण्ये पाहत जावे, अशी सहल कोरड्या मुलखाला विशेष शोभते. गाडीच्या काचेतून हा मुलूख रिकामा वाटतो. पायी किंवा धावत गेले, की त्यातले गवत, दगड आणि पाखरे वेगवेगळी दिसू लागतात.

सोलापूर वाळवंटात नाही, पर्जन्यछायेत आहे. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांत इथवर पोचेपर्यंत फारसे पाणी उरत नाही. त्यामुळे वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पडतो, तोही बेभरवशाचा. जिथे माती उथळ आणि मुरमाड आहे तिथे झाडे वाढत नाहीत, गवत वाढते. हेच माळरान. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले, की विसेक किलोमीटरवर नान्नज लागते. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली इथे गवताचे काही पट्टे चराईपासून राखण्यात आले. योजना दुष्काळासाठी होती, पण राखलेल्या गवताचा आसरा माळढोक पक्ष्यांनी घेतला. १९७९मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

एवढ्या मोठ्या हद्दीत गावे, शेते, खासगी जमिनी सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांची नाराजी वाढत गेली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोपर्यंत माळ नांगराखाली गेला होता. आज नान्नजला काळविटांचे कळप दिसतात, लांडगा आणि खोकड दिसते, धाविक पक्षी दिसतो. माळढोक मात्र एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले तोच तिथून नाहीसा व्हावा, ही सोलापूर जिल्ह्याची मोठी हानी आहे आणि तिची जाणीव ठेवूनच पुढचा प्रवास करायला हवा.

पुण्याच्या वाटेवर भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा लागतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. त्यासाठी सकाळचे दोन तास काढले, तरी पुरेसे होतात. पुढे पुणे, सुरत, वडोदरा, अहमदाबाद हा हमरस्ता आहे. तो फक्त पार करायचा.

अहमदाबादेनंतर विरमगामवरून बजाणा, झैनाबादकडे वळले, की कच्छचे छोटे रण सुरू होते. पावसाळ्यात इथे उथळ पाणी भरते. ते आटले की मागे खारी, भेगाळलेली, पार क्षितिजापर्यंत सपाट जमीन उरते. मधूनमधून उंचवटे आहेत, त्यांना बेट म्हणतात. गवत असते ते या बेटांवर आणि रणाच्या कडेला. त्या गवतावर जगतो तो खूर, म्हणजे भारतीय रानगाढव. त्याचे अभयारण्य जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचे आहे. १९६०च्या दशकात रोगराई आणि दुष्काळ यांमुळे खुरांची संख्या काही शेकड्यांवर आली होती. २०२०च्या गणनेत ती सहा हजारांच्या पुढे गेली. माळढोकाची कहाणी ऐकून इथे आलेल्याला हा आकडा मोठा दिलासा देतो. राखले तर कोरड्या मुलखातला प्राणी परत वाढतो, याचा हा जिवंत पुरावा आहे. याच रणात अगरिया कुटुंबे हिवाळाभर राहून मीठ पिकवतात. त्यांच्या मिठागरांवरून गाडी नेणे म्हणजे त्यांच्या श्रमांवरून चाक फिरवणे. वाटाड्या सोबत घेणे त्यासाठीही आवश्यक आहे.

राधनपूर, थराद, सांचोर, बाडमेर या वाटेने जमिनीचा रंग पालटत जातो. बाभळी विरळ होतात आणि खेजडी दिसू लागते. दसऱ्याला महाराष्ट्रात जिची पूजा होते ती शमी हीच. तिची मुळे खोल जातात, पाला गुरांना चालतो आणि शेंगा माणसाच्या ताटात येतात. जैसलमेर सतराएक किलोमीटर उरले असताना आकल येथे जीवाश्म उद्यान लागते. ज्युरासिक काळातील, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके तिथे उघड्यावर पडलेले आहेत. आज वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस न पडणाऱ्या या जागी एके काळी घनदाट अरण्य होते. तिथे तासभर थांबावेच.

डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. नाव नॅशनल पार्कचे असले, तरी १९८०मध्ये त्याची अधिसूचना निघाली ती अभयारण्य म्हणून. आत गावे आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत. पर्यटकांच्या मनातले वाळूचे डोंगर हा या प्रदेशाचा छोटाच भाग. बरेचसे क्षेत्र खडकाळ आहे किंवा सेवण गवताचे आहे, आणि माळढोक राहतो तो गवतात. जगात उरलेल्या दीडशेच्या आसपास माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. पवनचक्क्या आणि सौरप्रकल्पांमुळे जैसलमेरच्या आकाशात तारांचे जाळे वाढले आहे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१मध्ये न्यायालयाने वाहिन्या जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले आणि २०२४मध्ये त्यांत बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सम येथील प्रजनन केंद्रात २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. नान्नजच्या माळावर पुन्हा कधी हा पक्षी फिरायचा असेल, तर त्याची सुरुवात अशाच केंद्रांतून होईल.

याच मुलखातून ‘द बॉर्डर’ ही शर्यत जाते. ‘द हेल रेस’ ही संस्था ती डिसेंबरमध्ये भरवते. ५० किलोमीटर, १०० किलोमीटर आणि १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, असे तिचे पल्ले आहेत. शेवट लोंगेवाल्याला होतो. १९७१च्या डिसेंबरमध्ये मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या सुमारे १२० जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला रोखून धरला आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने मदतीला आली, तेच हे ठिकाण. तिथवर रात्रभर धावत गेलेल्याला त्या रात्रीचा पल्ला पुस्तकात वाचून कळला नसता इतका कळतो.

वाळवंटातल्या शर्यतीची जुनी उदाहरणे परदेशांत आहेत. मोरोक्कोतील ‘माराथाँ दे साब्ल’ १९८६पासून भरते. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीत धावपटू आपले अन्न पाठीवर वाहतो. १९९४मध्ये वाळूच्या वादळात इटलीचा माऊरो प्रॉस्पेरी वाट चुकला आणि सुमारे दहा दिवसांनी अल्जेरियाच्या हद्दीत जिवंत सापडला. अमेरिकेतील ‘बॅडवॉटर’ शर्यत डेथ व्हॅलीत, समुद्रसपाटीखालच्या ८५ मीटरवरून ऐन जुलैत सुरू होते आणि २१७ किलोमीटर चालते.

थरच्या डिसेंबरात एवढा दाह नसतो, पण तापमानाची तफावत मोठी असते. दुपारी ऊन चटका देते. सूर्य मावळला, की कोरड्या हवेतून आणि निरभ्र आकाशाकडे जमीन उष्णता झपाट्याने सोडते आणि पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरू शकतो. घामाने भिजलेल्या धावपटूला हीच वेळ जड जाते, म्हणून कोरडा बनियन आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट हाताशी लागते. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे कळतच नाही. त्या भीतीने नुसते पाणी पीत राहणेही घातक, कारण रक्तातील सोडियम घटते. पाण्यासोबत मीठ हवेच. वाळूवर धावायला डांबरी रस्त्यापेक्षा सुमारे दीडपट शक्ती खर्च होते, म्हणून रस्त्यावरचा वेग तिथे धरून ठेवण्याचा हट्ट करू नये.

सोलापूरच्या धावपटूकडे एक जमेची बाजू आहे. उन्हात दहा ते चौदा दिवस नेमाने सराव केला, की रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. चाळिशी पार करणारा उन्हाळा सोलापूरकरांना घरचाच आहे. मात्र ही सवय दोन-तीन आठवड्यांत ओसरते, तेव्हा डिसेंबरच्या शर्यतीसाठी नोव्हेंबरात भर दुपारची धाव पुन्हा सुरू करावी लागते.

गाडीतला लांबचा प्रवास पायांना सूज आणतो आणि पाणी पिणे कमी करतो. म्हणून शर्यतीआधी दोन दिवस जैसलमेरला पोचणे बरे. आकल आणि अभयारण्याची फेरी त्या दोन दिवसांत गाडीतूनच आटपावी. रात्रभर धावलेल्या माणसाने त्या दिवशी चाक हाती घेऊ नये. गाडी चालवायला दुसरे कुणी सोबत हवेच. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये जाण्यासाठी जैसलमेरच्या वन्यजीव विभागाची परवानगी लागते. सीमेलगतच्या भागासाठी वेगळी परवानगी काढावी लागते, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे. कच्छचे छोटे रण पावसाळ्यात बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ रण, थर आणि भिगवण या तिन्हींना सोयीचा. माळढोकाच्या विणीचा मोसम बहुतांशी उन्हाळा-पावसाळ्यात येत असल्याने हिवाळ्यातल्या वर्दळीचा त्याला उपद्रवही कमी होतो.