ऑस्टिओपथी व हाडवैद्यक

ऑस्टिओपथी व हाडवैद्यक : हाडे, सांधे, स्नायू व बंध यांवर मुख्यत्वे हातांनी करावयाच्या उपचारपद्धतीस ऑस्टिओपथी म्हणतात. अमेरिकन वैद्य अँड्रू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांनी ती १८७४ मध्ये मांडली. १८६४ मध्ये तीन मुले मस्तिष्कावरणशोथाने दगावल्यावर त्यांचा प्रचलित औषधांवरील विश्वास उडाला होता. काही काळ ते गावोगाव फिरून हाडे बसवीत. १८९२ मध्ये त्यांनी मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर आज सर्वाधिकारी डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली. भारतात आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींत ऑस्टिओपथीचा समावेश नाही. मात्र कटक येथील श्री श्री विद्यापीठात तिचे पदवीशिक्षण मिळते. केवळ पाटीवरील शब्दावरून उपचारकाची पात्रता ठरत नाही, ती विचारून घ्यावी.

कोकणातील रुग्णाला मात्र हे नाव परके व हाडवैद्य हा शब्द ओळखीचा वाटतो. या कलेची शास्त्रीय मांडणी सुश्रुतसंहितेत आढळते. तीत सांधा निखळणे (संधिमुक्त) याचे सहा, तर हाड मोडणे (कांडभग्न) याचे बारा प्रकार सांगितले असून ताणणे, दाबणे, जुळविणे व बांधणे असा उपचारक्रम दिला आहे. कुशांसाठी (आधारपट्ट्यांसाठी) वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबू सुचविले आहेत. पट्टी थंडीत सात, समशीतोष्ण काळी पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावी, असा दंडक आहे. सैल बंधाने सांधा स्थिर राहत नाही व घट्ट बंधाने सूज, वेदना व पाक होतो, हा इशाराही तेथेच आहे. पुढे परंपरेने चालत आलेल्या हाडवैद्यकात कामट्या व लेप टिकले. हा इशारा सर्वत्र टिकला असे म्हणवत नाही.

पेण व रोहे या तालुक्यांत पाठदुखीची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. भातलावणीत दिवसच्या दिवस कमरेतून वाकून चिखलात उभे राहावे लागते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कारागीर तासन्‌तास मान खाली घालून रेखणी करतो आणि पुढे त्याच जड मूर्ती उचलतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ओझी व पाळ्या असतात. अशी दुखणी बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यामुळे शेवटी ज्याचा हात लागला त्याला यश मिळते.

जाणत्या ऑस्टिओपथकडे पहिली भेट बरीचशी बोलण्यात जाते. दुखणे केव्हा व कशाने सुरू झाले, रात्री झोपमोड होते का, पूर्वीचे आजार व चालू औषधे कोणती, हे विचारले जाते. नंतर रुग्णास उभे करून, वाकवून व चालवून पाहतात. पाठ तपासण्यासाठी काही कपडे उतरवावे लागतात. स्त्री-रुग्णाने सोबत कोणी असावे असे सांगणे सर्वथा योग्य होय. उपचारात मर्दन, ताण, सांध्याच्या हळुवार हालचाली व कधी झटका यांचा अंतर्भाव असतो. झटक्याच्या वेळी होणारा ‘कट्’ आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने येतो. त्या आवाजाने मणका ‘जागेवर बसला’ असे सिद्ध होत नाही. पुढे एकदोन दिवस अंग दुखू शकते. कंबरदुखीत या उपचारांनी माफक गुण येतो; अमेरिकन वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये औषधाविना उपायांत पाठीच्या हस्तोपचाराचा उल्लेख केला आहे. कवटी दाबून अनेक रोग बरे करण्याच्या दाव्यास मात्र पुरावा नाही. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रोहिणी फाटून पक्षाघात होतो, याची कल्पना रुग्णास आधी दिलीच पाहिजे.

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता, पायातील बळ कमी होणे, ताप, अकारण वजन घटणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास किंवा पडल्यानंतरची पाठदुखी असल्यास कोणाकडूनही अंग चोळून घेऊ नये. पेण व रोहे येथे शासकीय उपजिल्हा रुग्णालये असून जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. तेथे प्रथम जावे.

मोडलेल्या हाडाची गोष्ट याहून निकडीची असते. क्ष-किरण चित्राविना, विशेषतः मुलाच्या कोपरावर, घट्ट पट्टी बांधल्यास पंजाचा रक्तपुरवठा तुटतो. सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात व पुढे बोटे आकसून पंजा वाकडा राहतो. जर्मन शल्यवैद्य रिखार्ट फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. बोटे थंड, फिकट वा निळी पडली, त्यांना मुंग्या आल्या, किंवा ती सरळ करताना मूल किंचाळले, तर बांधणाऱ्याची वाट न पाहता पट्टी घरीच तत्काळ कापावी, हात न दुमडता आधार देऊन ठेवावा व मुलाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.